पोहून वजन उतरतं का? नवी मुंबई, पनवेल, उरणकरांसाठी पाण्यातल्या व्यायामाची माहिती

वजन वाढलं म्हणून गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणतात रोज चाला, वजन कमी करा. चालायला गेलं की गुडघे आणखी दुखतात. मग चालणं बंद आणि वजन आणखी वर. बेलापूर पट्टीपासून पनवेल, उरण, पेणपर्यंत पंचेचाळिशी ओलांडलेल्या अनेकांचं हे रडगाणं आहे. अशा माणसाला कुणी ना कुणी सांगतंच, "पोहायला जा, महिन्यात दहा किलो उतरेल." यातलं "पोहायला जा" हे बरोबर आहे. "महिन्यात दहा किलो" ही थाप आहे. पोहण्यानं वजन उतरतं, पण हळू उतरतं, आणि ताटाकडे लक्ष दिलं तरच उतरतं. किती उतरतं, कसं उतरतं आणि त्यासाठी कुठल्या पाण्यात उतरावं नि कुठल्या पाण्यात मुळीच उतरू नये, याची ही माहिती.

पाण्यातला माणूस पाण्याबाहेर कसा आला

आपल्या भागात पोहणं म्हणजे व्यायाम असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. आगरी-कोळी गावांत ते अंगवळणीच पडलेलं असायचं. पोरगं चालायला लागलं की दोन-चार वर्षांत गावच्या तलावात हातपाय मारू लागे. कमरेला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, वर काठावर चुलत्यानं दोर धरायचा, की आठवड्यात पोर तरंगलं. खाडीची भरती आली की बांधावरून सूर मारायचे. मिठागरात काम, खारजमिनीत चिखलणी, बांधबंदिस्ती, उघाडीवर मासे धरणं, पेण-अलिबागकडे दारापुढच्या तळ्यात जिताडा सोडणं, सगळं आयुष्यच पाण्यात. खाल्लेला भात अंगावर चढायला वेळच नव्हता.

17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. 1984 च्या जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला, पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. त्या लढ्याचा इतिहास वेगळा लिहावा लागेल. इथे एवढंच बघायचं, की शेत गेलं, मिठागर गेलं, आणि त्याबरोबर रोजची अंगमेहनतही गेली. ज्याच्या आजोबांनी बांधावर माती टाकली तो आता मोटारसायकलवरून नाक्यावर जातो, दिवसभर खुर्चीत बसतो. ताट मात्र आजोबांचंच राहिलं. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला, उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गावं हलली. नवी मुंबईतल्या गावांचे तलाव आहेत, त्यातल्या बऱ्याच तलावांचे काठ बांधून सुशोभित केलेत, गणपती विसर्जन तिथंच होतं, पण पोरं पोहताना फारशी दिसत नाहीत.

हे नुसतं नवी मुंबईचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के बायका आणि जवळपास 23 टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. खेड्यात ट्रॅक्टर आला, घरात मिक्सर आला, शाळेत जायला गाडी आली. शेतकऱ्याचं पोट सुटत नाही हे आता म्हणायला नको.

आपलं वजन जास्त आहे का हे बघायला काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. श्वास सोडून, पोट आत न ओढता, बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजायचा. भारतीयांसाठी पुरुषाला 90 सेंटीमीटर आणि बाईला 80 सेंटीमीटर ही हद्द धरतात. त्याच्या वर गेलं की साखर, रक्तदाब आणि हृदयाच्या दुखण्याचा धोका वाढतो, मग हातपाय काटकुळे असले तरी.

हिशेब साधा आहे

वजन उतरवण्याचा हिशेब खत-बियाण्याच्या हिशेबासारखाच, जमा आणि खर्च. अंगावरची एक किलो चरबी जाळायला साधारण 7,700 कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. आता 85 किलोचा माणूस घेऊ. तो अर्धा तास मध्यम वेगानं, न थांबता पोहला तर 245 च्या आसपास कॅलरी खर्च होतात. तोच माणूस अर्धा तास सपाट रस्त्यावर साध्या चालीनं चालला तर 150 च्या आसपास. म्हणजे पोहणं चालण्याच्या दीडपटीहून जास्त पडतं. जोरात, धाप लागेल असं पोहलं तर अर्ध्या तासात 400 च्या पुढे जातं, पण नवशिक्याला तसं पोहता येत नाही आणि त्यानं तसं पोहूही नये.

आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास धरला तर आठवड्याला साधारण 1,230 कॅलरी. 7,700 ला यानं भागलं तर एक किलो उतरायला सहा आठवड्यांहून जास्त लागतात, तेही जेवण पहिल्याइतकंच राहिलं तर. महिन्यात दहा किलोची थाप इथेच उघडी पडते.

आता त्याच माणसानं रोजच्या खाण्यातून 300 कॅलरी कमी केल्या तर? आठवड्याला 2,100 वाचल्या, त्यात पोहण्याच्या 1,230 मिळवल्या, झाल्या 3,330. एक किलो सोळा-सतरा दिवसांत. 300 कॅलरी म्हणजे काय? एक वडापाव. खरंतर इतकंच. दिवसातून चार-पाच कप चहा पिणाऱ्यानं प्रत्येक कपातली साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आणली तरी शंभर-सव्वाशे कॅलरी तिथंच वाचतात.

वजन जसं उतरतं तसा अंगाचा खर्चही कमी होतो, त्यामुळे पहिले दोन-तीन किलो लवकर जातात आणि पुढचे अडून बसतात. तिसऱ्या महिन्यात काटा हलत नाही म्हणून पुष्कळ जण पोहणं सोडतात. काटा हलत नसला तरी घेर उतरत असतो, म्हणून टेप महिन्यातून एकदा लावावी. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, उपाशीपोटी करावं. खताच्या दुकानातला काटा चालेल, पण दर वेळी तोच काटा हवा.

पाण्यातून बाहेर आल्यावरची भूक

पोहण्याची एक खोड आहे आणि ती फार कमी लोक सांगतात. पाण्यातून बाहेर आलं की भूक खवळते. पाणी गार असेल तर जास्तच. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाचा 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही पुरुषांना पाण्यात बसून सायकल मारायला लावली, एकदा 20 अंशांच्या गार पाण्यात आणि एकदा 33 अंशांच्या कोमट पाण्यात. नंतर हवं तितकं खाऊ दिलं. गार पाण्यातून आल्यावर त्यांनी 44 टक्के जास्त खाल्लं. मेहनत सारखीच, फरक फक्त पाण्याच्या गारव्याचा.

तरणतलावाच्या गेटबाहेर वडापावची गाडी उभी असतेच. अर्धा तास घाम गाळून 245 कॅलरी घालवायच्या आणि दहा मिनिटांत 300 परत भरायच्या, वर गोड चहा. असा माणूस वर्षभर पोहला तरी जाड होईल, आणि मग "पोहण्यानं काही होत नाही" असं गावभर सांगत फिरेल. यावर उपाय घरातलाच. पोहायला जाण्याआधी तासभर एखादं केळं किंवा मूठभर चणे खावेत. आल्यावर आधी दोन पेले पाणी प्यावं, कारण पाण्यातही घाम येतो, तो दिसत नाही एवढंच, आणि तहान भुकेसारखी वाटते. मग पंधरा-वीस मिनिटांनी नेहमीचं जेवण, कालवण-भाकरी, वरण, अंडं, मासळी, जे असेल ते. पोहून आलो म्हणून एक भाकरी जास्त, हे नाही.

लांब पल्ल्याचे पोहणारे बघितले तर हे आणखी कळतं. नवी मुंबईच्या शुभम वनमाळी याला पाण्यातल्या साहसासाठी 2021 चा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार मिळाला, इंग्लिश खाडी पोहून पार केलेल्यांत तो आहे. आपल्याकडे धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे 36 किलोमीटरचं अंतर पोहण्याची जुनी परंपरा आहे. इंग्लिश खाडीसारख्या थंड पाण्यात उतरणारे काही जण तयारीच्या काळात मुद्दाम वजन वाढवतात, कारण चरबी अंग गरम ठेवते. दिवसाला तासन्‌तास पोहणारा माणूससुद्धा खाऊन वजन वाढवू शकतो, मग अर्धा तास पोहणाऱ्याची काय कथा.

मग पोहायचं कशासाठी

गुडघ्यांसाठी. कंबरेसाठी. कारण पाणी माणसाला उचलून धरतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजन निम्मं उरतं. छातीइतक्या पाण्यात ते साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. गळ्यापर्यंत गेलं तर जेमतेम दहावा हिस्सा. 90 किलोचा माणूस छातीभर पाण्यात चालत असेल तर त्याच्या गुडघ्याला तीसेक किलोच वाटतात. ज्याला रस्त्यावर एक किलोमीटर चालवत नाही तो पाण्यात वीस मिनिटं आरामात चालतो, आणि पाणी चारी बाजूंनी अडवत असल्यामुळे तेवढ्या चालण्यालाही मेहनत पडते. ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी छातीभर पाण्यात चालणं हाच व्यायाम. त्यात कमीपणा काही नाही.

पाणी माणसाला किती उचलतं याचं मोठं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचं आहे. मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं बळ गेलं. उपचाराचा भाग म्हणून पोहणं सुरू झालं. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवलं. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमाही आला. जमिनीवर ज्या पायांवर भार टाकता येत नव्हता, त्या माणसाला पाण्यात मोकळं होता आलं.

एक उणी बाजूही सांगायला हवी. पाणी भार उचलतं म्हणून हाडांना ताण मिळत नाही, आणि हाडं घट्ट राहायला ताण लागतो. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी नुसत्या पोहण्यावर राहू नये. झेपेल तितकं चालणं, उठाबशा, डोक्यावरची नाही तरी हातातली कळशी उचलणं, असं काहीतरी जोडीला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलेलं माप आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम असं आहे. गावाकडून तरणतलावात रोज जाणं परवडत नाही, भाडं आणि वेळ दोन्ही जातात. तीन दिवस पोहणं आणि बाकीचे दिवस सायकल किंवा चालणं, असं बसवलं तरी माप पुरं होतं.

तरणतलाव कुठे, आणि गेल्यावर काय

वाशीत फादर अ‍ॅग्नेल संस्थेचा आणि नवी मुंबई स्पोर्ट्स असोसिएशनचा तलाव आहे.  ठाण्याला महापालिकेचा मारोतराव शिंदे तरणतलाव, चेंबूरला मुंबई महापालिकेचा जनरल अरुणकुमार वैद्य तरणतलाव. खारघर, उलवे भागातल्या टॉवरमधले पूल सोसायटीतल्या लोकांपुरतेच असतात. फी, बॅचच्या वेळा आणि दुरुस्तीचे दिवस बदलत राहतात, त्यामुळे एसटी किंवा लोकल धरण्याआधी फोन करून घ्यावा. गावाकडचा माणूस सकाळी सहाला पोचतो आणि गेटवर "आज बंद" ही पाटी वाचून परत फिरतो, असं नको.

बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचा दाखला मागतात. नायलॉनचा पोशाख आणि टोपी लागते, हाफ पॅन्ट किंवा लुंगीवर सोडत नाहीत, कारण सुती कपड्यांचे धागे गाळणीत अडकतात. बायकांसाठी पुष्कळ ठिकाणी वेगळी बॅच असते, शिकवायलाही बाई असते. गुडघ्यापर्यंतचा किंवा घोट्यापर्यंतचा पूर्ण बाह्यांचा पोशाखही मिळतो आणि चालतो. तो माहीत नसल्यामुळे कितीतरी बायका "ते कपडे आपल्याला नको बाई" म्हणून जायचं टाळतात. चौकशी करताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

पाणी कसं ओळखायचं? तळाची फरशी आणि रेघा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. क्लोरीनचा उग्र वास आला म्हणजे पाणी चांगलं, असा एक समज आहे. तो उलटा आहे. घाम, लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो वास सुटतो आणि डोळे चुरचुरतात. म्हणून उतरण्याआधी साबणानं अंघोळ करा असं लिहिलेलं असतं, ते पाळावं. पाण्याजवळ जीवरक्षक उभा आहे का हे बघावं. तो मोबाइलमध्ये असेल तर व्यवस्थापकाला सांगायला लाजू नये.

बॅच पाऊण तासाची असते. त्यातला काठाला धरून गप्पा मारण्याचा वेळ वजा केला तर खरं पोहणं पंधरा मिनिटंही होत नाही. वरचा सगळा हिशेब न थांबता अर्धा तास पोहण्याचा आहे हे लक्षात ठेवावं. त्यावर युक्ती म्हणजे घड्याळ न बघता फेऱ्या मोजायच्या. 25 मीटरच्या तलावात 20 फेऱ्या म्हणजे अर्धा किलोमीटर. पहिल्या आठवड्यात एक फेरी, मग अर्धा मिनिट काठाला विश्रांती, पुन्हा एक फेरी, अशा सहा-आठ फेऱ्या पुरेत. दर आठवड्याला दोन वाढवल्या तर दीड-दोन महिन्यांत 20 होतात. काठाला थांबल्यावर एक वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत धाप हवी.

गावच्या तलावात शिकलेल्यांना एक अडचण येते. आपण डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहतो. डोकं वर तर पाय खाली, मग पाणी कापायला दुप्पट जोर लागतो आणि दोन फेऱ्यांत दम संपतो. मान पाण्यात घालून नाकातोंडानं पाण्यात श्वास सोडायचा आणि बाजूला तोंड करून घ्यायचा, एवढं एक शिकलं की तोच माणूस दहा फेऱ्या मारतो. आठ-दहा दिवस शिकवणाऱ्याला पैसे द्यावे लागले तरी द्यावेत. लहानपणापासून पोहता येतं या अभिमानापायी हे शिकायचं राहून जातं. प्रकारांमध्ये बेडकासारखे पाय मारून पोहणं, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक, सोपं वाटतं, पण गुडघा दुखत असेल तर ते टाळावं, कारण त्यात गुडघा आडवा पिळला जातो. अशांनी उताणं पोहावं किंवा फ्रीस्टाइल करावी. उताणं पोहणं कंबरदुखीवाल्यांनाही सोसतं.

आधी डॉक्टरांना कुणी विचारावं

हृदयाचं दुखणं असलेल्यांनी, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी विचारल्याशिवाय उतरू नये. गळाभर पाण्यात गेलं की पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि कमजोर हृदयावर भार येतो. मधुमेहात इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाण्यात साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटणं, थरथरणं ही लक्षणं ओल्या अंगावर कळतच नाहीत. सोबत्याला तसं सांगून ठेवावं आणि काठावर साखरेची पुडी ठेवावी. फिट येणाऱ्यानं एकट्यानं कधीही पाण्यात जाऊ नये. कानाचा पडदा फाटलेला असेल, अंगावर ओली जखम असेल तर ती बरी होईपर्यंत थांबावं. आणि दारू पिऊन पाण्यात उतरणं, दोन घोट असले तरी, नाही म्हणजे नाही.

ज्या पाण्यात उतरू नये

तरणतलाव लांब, फी परवडत नाही, मग माणूस जवळचं पाणी बघतो. इथेच जीव जातात. वजन कमी करायला निघालेल्या, लहानपणी पोहता येत असलेल्या, वीस वर्षांत पाण्याला हात न लावलेल्या माणसाला वाटतं आपल्याला येतं. हातपायांना ते आठवतंही, पण दम वीस वर्षांपूर्वीचा नसतो. पाण्याच्या मधोमध गेल्यावर ते कळून उपयोग नाही.

पारसिकच्या डोंगराकडेच्या दगडखाणींत पावसाचं पाणी साचतं, हिरवंनिळं, दिसायला सुरेख. कडा सरळ तुटलेल्या, दोन पावलांवर वीस-तीस फूट खोल, खाली टोकदार दगड, आणि बाहेर यायला पायरी नाही. शहरातले होल्डिंग पाँड हे भरतीचं आणि पावसाचं पाणी अडवून धरण्यासाठी आहेत. त्यांच्या तळाशी गाळ आहे, त्यात पाय रुतला की निघत नाही. खाडीचं आता पूर्वीसारखं नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं होतं. शिवाय ओहोटीची ओढ मोठी, उधाणाच्या दिवसांत तर चांगला पोहणाराही तिच्यापुढे टिकत नाही. खारघरच्या पांडवकड्यावर दर पावसाळ्यात बंदी घालतात ती उगाच नाही.

शेततळं हा नवा धोका आहे. 2016 पासून मागेल त्याला शेततळं मिळू लागलं आणि राज्यात गावोगावी प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी झाली. त्या कागदावर शेवाळ धरतं. आत घसरलेला माणूस कितीही पोहणारा असला तरी त्या उतारावरून त्याला वर येता येत नाही, हातांना धरायला काही सापडत नाही. शेततळ्यात व्यायाम करायचा नाही. आणि ज्याच्या शेतात तळं आहे त्यानं चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवावा, पाण्यावर हवा भरलेली एक जुनी ट्यूब बांधून टाकावी. दीड-दोनशे रुपयांचं काम आहे.

विहीर चालेल का? पायऱ्या असलेली, कठडा असलेली, पाणी दिसणारी आणि माहितीतली विहीर असेल तर चालेल, पण काही गोष्टी सोडता येणार नाहीत. पाण्यात मोटार असेल तर आधी स्टार्टरचा मेन स्विच बंद, नुसतं बटण बंद करून भागत नाही. निघालेल्या तारेचा करंट पाण्यात उतरतो. किमान तिघे जण हवेत, त्यातला एक काठावर कोरडा, हातात दोर घेऊन. विहिरीत मुटका मारू नये, वजनदार माणसानं तर नाहीच. पावसाळ्यात तळ्या-विहिरींचं पाणी गढूळ होतं आणि लेप्टोचा ताप त्याच पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरतो. कोकणात तो नवा नाही. 2024 मध्ये केरळमध्ये तळ्यात, ओढ्यात अंघोळ केलेल्या काही मुलांचा नाकावाटे मेंदूत गेलेल्या अमिबामुळे मृत्यू झाला. साचलेल्या कोमट पाण्यात डोकं बुडवू नये, हे त्यावरून घ्यावं.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघे जातात. दोर, धोतर, साडी, बांबू, रिकामा डबा, जे हाताला लागेल ते फेकावं आणि आरडाओरडा करावा. बाहेर काढल्यावर पाय धरून उलटं लटकवणं, पोट दाबून पाणी काढणं, गरगर फिरवणं हे प्रकार गावोगावी होतात आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालू नसेल तर पाठीवर सपाट निजवावं, मान मागे करून, नाक दाबून तोंडानं श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात, लवकर लवकर 30 वेळा दाबावं, पुन्हा दोन श्वास, पुन्हा 30. 108 वर रुग्णवाहिकेला किंवा 112 वर दुसऱ्यानं फोन लावावा, दाबणाऱ्यानं थांबू नये. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यावं, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.